तपासणारा किती दूर?

इतिहासाच्या पुस्तकांत साखरखेर्ड्याचे नाव येते ते एका लढाईमुळे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्काने इथे मुबारिझखानाचा पराभव केला, दख्खनवर आपला अंमल पक्का केला आणि विजयाची खूण म्हणून गावाला फतेहखेर्डा असे नाव दिले. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिले. सिंदखेडराजा तालुक्यातल्या, मेहकर-लोणारच्या शेजारच्या या गावाचा आणखी एक इतिहास सांगता येतो. त्याला ना तोफ लागते ना तह. इथल्या, किंवा इथल्यासारख्या कुठल्याही गावच्या मुलाने सोडवलेले वरच्या इयत्तेचे गणित तपासायला कोणाकडे जात होते, किती दूर जात होते, आणि तपासून परत येताना त्याच्याबरोबर काय येत होते, एवढेच त्यात शोधायचे आहे.

प्रश्न वाटतो तितका छोटा नाही. २०२० मध्ये परीक्षा मोबाइलवर आली तेव्हा सगळी चर्चा रेंज, सर्व्हर आणि कॉपी यांभोवती फिरली. गणित आणि संख्याशास्त्राच्या शिक्षकांची अडचण त्याहून जुनी होती. गणितात उत्तर हा शेवटचा आणि बहुधा सर्वांत लहान भाग असतो. विद्यार्थ्याला विषय कळला की नाही हे रीत सांगते, आणि रीत पाहायची तर तपासणारा जवळ हवा.

एके काळी तो अगदी जवळ असे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख मिळाला, आणि १८६५ मध्ये त्यांनी तो अभ्यासकांपुढे ठेवला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या स्थानिक सत्ताधीशांनी त्याला उत्पन्न लावून दिले, असे हा लेख सांगतो. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. शेवटी मठाला कोणी काय द्यायचे ही व्यवहाराची बाजू येते आणि तिथे भाषा जुनी मराठी होते. ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि त्यातली ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची, तेव्हा ग्रंथ लिहून झाल्यावर साठ वर्षांच्या आत त्याच्या अध्यापनासाठी पैशांची कायमची सोय झाली होती. आजच्या भाषेत उच्च गणिताला मिळालेले हे अनुदान होते, आणि ते बुलढाण्याला लागून असलेल्या खानदेशात मिळाले होते. मराठी मुलखातल्या गणिताचा इतिहास इंग्रजी शाळेपासून सुरू करणाऱ्यांनी हा दगड एकदा वाचावा.

त्या मठात परीक्षा कशी घेत याची नोंद लेखात नाही. गावच्या पंतोजींच्या शाळेची पद्धत मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत चालली आणि ती चांगली माहीत आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुले एका सुरात म्हणत आणि धुळाक्षरांच्या पाटीवर हिशेब मांडत. या शाळेत घोकंपट्टी होती, मारही होता, जातीनुसार दारे बंद होती आणि मुलींना तर प्रवेशच नव्हता. तिची आरती ओवाळायचे कारण नाही. पण एक गोष्ट तिथे आपोआप घडे. मूल चुकले की त्याच क्षणी कळे, आणि कुठल्या पायरीला चुकले तेही कळे.

लेखी परीक्षेने हे सगळे बदलले. केंब्रिजमध्ये अठराव्या शतकात लॅटिनमधले तोंडी वाद मागे पडून गणिताची लेखी परीक्षा पुढे आली. ‘ट्रायपॉस’ या नावाने ती साऱ्या इंग्रजी साम्राज्याला आदर्श वाटू लागली. पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, आणि पहिला येणारा सीनियर रँग्लर. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये हा मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. महाराष्ट्रात त्यांचे नाव पुढे ‘रँग्लर परांजपे’ असेच घेतले गेले, इतका त्या परीक्षेचा दरारा होता. केंब्रिजने मात्र दहाच वर्षांत, १९०९ नंतर, नंबर लावण्याची प्रथा बंद केली. जी. एच. हार्डी यांच्यासारख्या गणितज्ञांचा आक्षेप असा, की मुले वेगाने प्रश्न सोडवायला शिकतात, गणित शिकत नाहीत. आपण ती परीक्षा उचलली, तिच्यावरचा आक्षेप उचलला नाही.

लेखी परीक्षेचा मोठा गुण म्हणजे ती दूर नेता येते. वऱ्हाडाने ते चांगलेच अनुभवले. १८५३ मध्ये इथला कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, पण पुढची सत्तर वर्षे विद्यापीठ परमुलखातच होते. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे शिकायला मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. नागपूरला १८८३ मध्ये हिस्लॉप आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघाले, पण ती आधी कलकत्ता आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे वऱ्हाडी मुलाने नागपुरात बसून लिहिलेल्या बीजगणिताचा निकाल गंगेकाठच्या शहरातून यायचा. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ झाले, त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले, आणि १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. बुलढाणा जिल्हा त्याच्या कक्षेत आला.

विद्यापीठ असे टप्प्याटप्प्याने साखरखेर्ड्याकडे सरकत आले. तपासणारा मात्र सरकला नाही. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक, पुढे बारकोड, गठ्ठे बांधून केंद्रावर रवानगी, आणि काही आठवड्यांनी गुणपत्रिकेवर एक आकडा. निःपक्षपातीपणासाठी ही अनोळखी व्यवस्था आवश्यकच होती आणि तिने पुष्कळ गरीब मुलांना न्याय दिला. गणिताच्या परीक्षकांनी त्यात एक माणुसकीची प्रथाही सांभाळली : पायरीचे गुण. शेवटचे उत्तर चुकले तरी सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, तर त्याचे गुण द्यायचे. या प्रथेने किती मुले पदवीधर झाली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण कुठली पायरी पटली आणि कुठली खटकली हे परीक्षकाने लाल शाईने लिहिले असले, तरी ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नसे. सर्वांत उपयोगी मजकूर गठ्ठ्यातच राहायचा.

संख्याशास्त्राची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि ती वऱ्हाडाच्या मातीतून जाते. हा विषय आपल्या विद्यापीठांत उशिरा आला. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये गणित व संख्याशास्त्र विभाग उभा राहिला तो कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली. केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले होते. पण विभाग निघण्याआधीच हे शास्त्र शेतात उतरले होते. १९४० च्या दशकात विनायक गोविंद पानसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वऱ्हाडातल्या कापसाच्या उत्पादनाचा अंदाज नमुना पद्धतीने काढण्याचे प्रयोग केले. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे हेच काम गहू-भातावर करत होते. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले. पानसे-सुखात्मे यांचे कृषी संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९५४ मध्ये आले आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वापरले गेले.

या प्रयोगांची रीत साधी आणि कडक होती. गाव चिठ्ठीने, म्हणजे यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावरून निवडायचे. गावातले शेत तसेच, शेतातली जागाही तशीच. चांगले पीक दिसते म्हणून तिथे दोरी टाकायची नाही, वाईट दिसते म्हणून टाळायची नाही. ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक काढायचे, वजन करायचे. कापसाला हे जास्तच जिकिरीचे, कारण त्याची वेचणी एका दिवसात होत नाही, प्रत्येक वेच्याला त्याच तुकड्याकडे परत यावे लागते. हाच तो पीक कापणी प्रयोग. साखरखेर्डा परिसरातल्या सोयाबीन, तूर, कापूस पिकवणाऱ्या घरांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, कारण पीकविम्याची भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते आणि ती सरासरी काढायला ही कापणी लागते. नमुना किती मोठा, सरासरीत चूक किती संभवते, हे प्रश्न इथे पैशांचे असतात. तरीही इथला मुलगा बी.एस्सी.ला जाऊन संख्याशास्त्र घेतो तेव्हा त्याला दहा आकडे देऊन प्रमाण विचलन काढायला सांगतात, आणि आकडे कुठल्या शेतातले हे कोणी विचारत नाही. विषय घराजवळ होता, परीक्षा तेवढी लांब होती.

दूरवरून शिकवण्याचे प्रयत्न अर्थातच मोबाइलच्या आधीचे आहेत. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले. उपग्रहामुळे धडा गावात येऊ शकत होता, पण तो इंग्रजीत होता आणि त्याला प्रश्न विचारता येत नव्हता. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले मुळात भौतिकशास्त्राचे. स्वतः वाचून समजेल असे मराठी पुस्तक आणि तालुक्याच्या गावी अभ्यासकेंद्र, या दोन पायांवर ते विद्यापीठ उभे राहिले. नोकरी-शेती सांभाळून, लग्न होऊन सासरी गेल्यावर शिकणाऱ्या हजारो बायाबापड्यांना त्याने पदवीपर्यंत नेले. गणितासारख्या विषयात मात्र पुस्तकाच्या शेवटी उत्तरे छापली तरी मधली वाट चुकलेल्याला सांगणारे कोणी लागतेच, आणि ते केंद्रावरच्या समुपदेशकाच्या वेळेवर अवलंबून राहिले.

२००३ पासून आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने मिळून ‘एनपीटेल’ची व्याख्याने मोफत खुली केली. मुंबई आयआयटीचे इंदर राणा यांची गणितावरची, कानपूरचे शलभ यांची प्रतिगमनावरची व्याख्याने आज कोणालाही ऐकता येतात. ज्या कॉलेजात गणिताला एकच प्राध्यापक आहे आणि तेही तासिका तत्त्वावर, तिथल्या मुलाला याचे मोल शहरातल्या मुलापेक्षा जास्त आहे. मुंबई आयआयटीतच प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी ‘स्पोकन ट्युटोरियल’चा उपक्रम उभारला. दहा-एक मिनिटांच्या चित्रफिती, विषय सायलॅब, आर, जिओजेब्रा, लाटेक, आणि आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. पडद्यावरची आज्ञा इंग्रजीतच, पण समजावणे मराठीत. पाठ ऐकायचा, थांबवायचा, स्वतः करून बघायचा, परत ऐकायचा. नेट नसेल तिथे चित्रफिती उतरवून घेऊन चालवता येतात. मराठी माध्यमातून दहावी होऊन अकरावीला एकदम इंग्रजीत पडलेल्या मुलासाठी यापेक्षा शहाणपणाची रचना क्वचितच कोणी केली असेल. तिचा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

खामगाव-जालना रेल्वे बुलढाणा जिल्हा शतकभर मागतो आहे. रूळ यायच्या आत मोबाइलचे मनोरे आले आणि व्याख्यान पोहोचले. तपासणी मागेच राहिली.

तपासणी यंत्रावर नेण्याचा राज्यातला एक मोठा प्रयोग मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये केला. उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या आणि परीक्षकांनी संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या. एका हंगामात १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, अपुरी तयारी आणि शिक्षकांचे अपुरे प्रशिक्षण. निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांची धावपळ झाली, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. गोंधळाच्या बातम्यांत एक मुद्दा दबून गेला. पडद्यावरच्या तपासणीत पायरीपायरीवरचा शेरा विद्यार्थ्याला परत दाखवणे सहज शक्य होते. ती या पद्धतीची सर्वांत मोलाची शक्यता होती. सगळी शक्ती लवकर निकालाच्या हट्टात खर्ची पडली.

मग २०२० उजाडले. मार्चमध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. जूनमध्ये राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले, जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या घ्याव्याच लागतील असे सांगितले, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परीक्षेशिवाय पदवी नाही. हाती महिना-दीड महिना उरला. मुंबई आणि पुणे विद्यापीठांनी ५० गुणांची, एका तासाची, बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षा घेतली. इतरांनीही कमीअधिक हीच वाट धरली. मुंबईच्या दूरशिक्षण संस्थेची परीक्षा तर सर्व्हरवरच्या हल्ल्यामुळे ऐन वेळी थांबली. त्या दिवसांत शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी जे निभावले त्याला कमी लेखता येणार नाही. लाखो पदव्या अडकून पडण्यापेक्षा ते बरेच होते.

पण गणिताचे काय झाले ते स्पष्ट सांगायला हवे. ‘एक्स कॉस एक्स’चे संकलन करा, असा प्रश्न घ्या. कागदावर विद्यार्थ्याला खंडशः संकलनाची रीत आठवावी लागते, कुठला घटक पहिला घ्यायचा ते ठरवावे लागते, चिन्ह सांभाळावे लागते. चार पर्याय समोर असले की संकलन करायचेच कारण उरत नाही. प्रत्येक पर्यायाचे अवकलन करून पाहिले की बरोबर तो सापडतो. प्रश्न संकलनाचा, तपासले जाते ते अवकलन. समीकरणाची मुळे विचारली तर पर्यायातले आकडे घालून पाहता येतात. आणि ‘सिद्ध करा’ हा तर विद्यापीठीय गणिताचा प्राण, त्याला या साच्यात जागाच नाही. संख्याशास्त्रातही निष्कर्ष शब्दांत मांडणे, गृहीतक का मोडले ते सांगणे, हे सगळे गळाले. शिवाय प्रश्नाचा फोटो काढला की सोडवून देणारी ॲप तेव्हा हातात होतीच, आणि उत्तरांचे संदेश गटागटांत फिरायला मिनिटही लागत नव्हते. निकाल भरघोस लागले. त्या निकालांवर विश्वास ठेवावा की नाही हा संशय मात्र त्या वर्षीच्या प्रामाणिक मुलांच्या वाट्याला आला, आणि तो अन्याय होता.

खरे तर त्याच वेळी दुसरी वाट उपलब्ध होती, आणि ती पंधरा वर्षांहूनही जुनी होती. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठातल्या मायकेल गेज आणि आर्नल्ड पायझर या गणिताच्या प्राध्यापकांनी १९९० च्या दशकातच ‘वेबवर्क’ ही गृहपाठ तपासणारी प्रणाली केली होती. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला क्रिस सँगविन यांनी २००४ च्या सुमारास ‘स्टॅक’ सुरू केली. ती ‘मूडल’ या मुक्त प्रणालीत चालते आणि तिच्या पोटात ‘मॅक्सिमा’ हे बीजगणित करणारे सॉफ्टवेअर आहे. विद्यार्थी पर्याय निवडत नाही, उत्तर स्वतः लिहितो. एकाने ‘एक्स अधिक एक’ या कंसाचा वर्ग लिहिला आणि दुसऱ्याने तो उलगडून लिहिला, तरी यंत्र दोन्ही एकच आहेत हे ओळखते. संकलन करून स्थिरांक लिहायचा राहिला तर तसे सांगते. चिन्ह चुकले तर शिक्षकाने त्या नेहमीच्या चुकीसाठी आधीच लिहून ठेवलेली सूचना दाखवते, आणि अंशतः गुण देते. प्रत्येकाच्या प्रश्नात आकडे वेगळे, त्यामुळे शेजाऱ्याचे उत्तर उपयोगाचे नाही. रीत मात्र त्याला विचारता येते, आणि तेच तर हवे. हे सगळे मोफत आहे.

केनियात विषुववृत्ताजवळच्या मासेनो विद्यापीठाने २०१९ पासून ‘स्टॅक’ वापरायला घेतली. वर्ग प्रचंड मोठे, शिक्षक थोडे, दर आठवड्याला हाताने गृहपाठ तपासणे अशक्य. तिथल्या शिक्षकांनी प्रश्न स्वतः बांधायला सुरुवात केली आणि विद्यार्थी तेच कौशल्य नव्या आकड्यांवर पुन्हा पुन्हा घोटू लागले. आपल्या ग्रामीण कॉलेजांची परिस्थिती बर्मिंगहॅमपेक्षा मासेनोच्या कितीतरी जवळ आहे. पाहायला जायचे तर तिकडे जावे.

अशा यंत्राची मर्यादाही स्पष्ट आहे. सिद्धता वाचणे त्याला जमत नाही, ती माणसानेच वाचायची. पण साधे संकलन, निश्चयक आणि सरासऱ्या यंत्राने तपासल्या तर प्राध्यापकाचा वाचलेला वेळ सिद्धतेला देता येतो.

ऑनलाइन शिक्षणाला पदवीत जागा देणारा नियमही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या अभ्यासक्रमाचे ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक विद्यार्थ्याला ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरून मिळवता येतात. २०१६ मध्ये ही मर्यादा २० टक्के होती. म्हणजे दार नियमानेच उघडले आहे. उरते ते खरे मेहनतीचे काम : मराठीत समजावणारे, इंग्रजी संज्ञा शेजारी ठेवणारे, चुकीच्या पायरीला नेमकी सूचना देणारे प्रश्न एकेक करून बांधणे. एका प्राध्यापकाचा एका चांगल्या प्रश्नावर दिवस जातो. विद्यापीठे प्रश्नपत्रिका काढण्याचे मानधन देतात, तसे या कामाचे द्यावे लागेल, आणि बढतीच्या गुणांत ते मोजावे लागेल. अशा प्रश्नांच्या पेढीत संख्याशास्त्राचा पहिला प्रश्न तर तयारच आहे. एका महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांची वजने द्यावीत, प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी, आणि विचारावे : सरासरी काढा, तिची प्रमाण त्रुटी काढा, आणि कापणी दुप्पट ठिकाणी केली असती तर त्रुटी किती उरली असती ते रीतीसह लिहा.